राखेनं पुसलेला चष्मा

माझ्या जाऊबाईंचे डोळे माझ्यामुळे गेले. एवढं एक वाक्य लिहायला मला सकाळची दुपार झाली. आता ते लिहून झालंय, तेव्हा बाकीचं जसं घडलं तसं सांगते. घरात मला सगळे अबोल म्हणतात. विचारलं तर तेवढ्यापुरतं बोलणारी बाई. तो माझा स्वभाव आहे असं त्यांना वाटतं. स्वभाव नव्हता तो. बोलायला लागले तर एक दिवस हे तोंडातून निघून जाईल याची धास्ती होती.

आमचा भाग नागपूरकडून निघून मुंबईच्या राज्यात गेला त्या सुमारास, छप्पन साली, माझं लग्न झालं. मंगरूळपीरहून इंझोरीकडे जाताना आत वळलं की आमचं गाव. घरात माणसं तीनच. माझा नवरा, मी आणि जाऊबाई. सासू-सासरे आधीच गेले होते, मोठे दीरही गेले होते. जाऊबाईंना मूल नव्हतं. माझा नवरा भावांत सगळ्यात धाकटा, त्याला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं. त्यामुळे नात्यानं जाऊ असल्या तरी त्या माझ्या सासूच्या जागी होत्या. मी त्यांना ‘बाई’ म्हणायची.

बाई चोळ्या शिवायच्या. पायाची मशीन दाराशी उजेडात मांडलेली. पंचक्रोशीतल्या बाया खण घेऊन यायच्या. बाई कोणाचं माप घ्यायच्या नाहीत. समोर उभं करायच्या, एकदा पुढून बघायच्या, एकदा मागून, आणि म्हणायच्या, “जाय, परवा ये.” चोळी अंगावर बसायची ती अशी, की घालणारी स्वतःच हात फिरवून बघायची. नवऱ्याच्या नावाचं कुंकू गेलं तरी या बाईला कोणी बिचारी म्हटलं नाही, ते या मशीनमुळे. ओट्यावरून जाणारा माणूस आधी त्यांना हाक मारायचा, मग माझ्या नवऱ्याला.

माझ्या लग्नाआधीच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. मंगरूळला शाळेत डोळ्यांचं शिबिर भरायचं. तिथं दोन हिवाळ्यांत एकेक डोळा करून त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे तेव्हा, आणि त्याच्या बदल्यात जाड चष्मा द्यायचे. चष्मा घातला की सुईत दोरा ओवता यायचा. चष्मा काढला की दारात कोणीतरी उभं आहे एवढंच कळायचं, बाई आहे की बुवा हे नाही. म्हणजे डोळे आता तोंडावर नव्हते, चष्म्यात होते. हे बाई स्वतःच म्हणायच्या.

पहिला चष्मा काचेचा होता. जाड आणि वजनदार. उन्हाळ्यात घामानं नाकावरून घसरायचा, नाकाच्या दोन्ही बाजूंना जखमा व्हायच्या, त्यावर त्या कापसाची बोंडं ठेवायच्या. मी सून म्हणून आले त्याच वर्षी एका दुपारी बाई खाली वाकल्या, आणि चष्मा घसरून मशीनच्या लोखंडी पायट्यावर पडला. तुकडे झाले. पुढचा महिना-दीड महिना त्या बाजेवर मांडीत हात ठेवून बसल्या. आलेल्या खणांच्या घड्या फक्त चाचपायच्या. मी तो महिना पाहिला होता, म्हणून मला काही ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मंगरूळला एक चष्मेवाला होता. त्यानं सांगितलं, मुंबईहून नवीन भिंगं येतात, फुटत नाहीत. मागवून देतो. ती आल्यावर मी आणि बाई गेलो. त्यानं चष्मा हातात न देता सरळ फरशीवर टाकला. बाईंनी छातीवर हात ठेवला.

“फुटला का?” त्यानं विचारलं. “पाहा उचलून. काच नोहे हे, पिलास्टिक हाये. वजन पाहा, चिमणीच्या पिसाएवढं.”

बाईंनी चष्मा लावला, माझ्याकडे वळल्या, आणि खालीवर पाहून म्हणाल्या, “तोंड बरं हाये वं तुहं. पण चोळी कोणं शिवली ही? काखेत पार चुकली.”

चष्मेवाला हसला. बाई रस्त्यावरचे लोक बघायला दारात गेल्या आणि तो मला म्हणाला, “तू ऐकून घे बाई. हे फुटत नाई, पण हे काचेपेक्षा नरम असते. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक खडे. कोरडं पुसलं का रेघा पडल्या. आधी पाणी सोडायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग ओल्या मऊ फडक्यानं टिपायचं. घासायचं नाई. मागून माह्या नावानं बोंबलायचं नाई.”

त्यानं हे मला सांगितलं. बाईंना नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

चष्मा धुणं हे माझं काम झालं, सकाळी एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा. प्लास्टिकची ती भिंगं आमच्या हवेत कशी वागायची ते माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल. हलकी होती. नाकाच्या जखमा आठ दिवसांत भरल्या. पण कपड्यानं जरा टिपली, की धूळ उलट ओढून घ्यायची. काचेच्या चष्म्यावर धूळ बसायची ती फुंकरीनं उडायची. यावर चिकटायची. मशीनपाशी कापडाचा बारीक तंतू उडत असतो, तो येऊन बसायचा. भर उन्हात भिंग चौकटीत ढिलं व्हायचं, हाताला हलायचं, सकाळी पुन्हा घट्ट. वैशाखात विहीर तळाला गेली, तेव्हा घागरीत येणाऱ्या पाण्यातच गाळ असायचा. मी ते पाणी वरचं वर ओंजळीत घेऊन चष्म्यावर सोडायची. दोन-अडीच महिने मी ते नीट केलं, हेही खरं आहे.

लग्नसराईचे दिवस होते. ओट्यावर खणांचा ढीग. त्या दिवशी दुपारी बाईंनी मशीनला तेल दिलं आणि तेलाच्या बोटांनी चष्मा वर सरकवला. संध्याकाळपर्यंत वावटळीची धूळ त्यावर बसून चिखल झाला. मी पाणी सोडलं. तेलावरून पाणी निघून गेलं, डाग तसाच. पुन्हा सोडलं, पुन्हा तसाच. आणि माझ्यासमोर त्याच वेळी कंदिलाची काच होती, ताटलीत चाळलेली राख होती, हातात फडकं होतं.

आमच्याकडे सुनेची परीक्षा कंदिलाच्या काचेवर व्हायची. राख बारीक चाळायची, चिमूटभर घ्यायची, फडकं आत घालून गोल गोल फिरवायचं. काजळी, तेल, सगळं निघतं. माझ्या आईनं मला ते सातव्या-आठव्या वर्षी शिकवलं होतं आणि माझा हात त्यात चांगला होता. शेजारच्या बाया म्हणायच्या, हिचा कंदील पाहून घ्या. तर मी चिमूटभर राख घेतली आणि चष्मा घासला. गोल गोल, दोन्ही बाजूंनी, अंगठ्यानं दाबून. तेल निघालं. पण भिंग पांढुरकं दिसायला लागलं. मला वाटलं राख राहिली. आणखी घासलं.

मग धुतलं. धुतल्यावर ते अगदी स्वच्छ दिसलं. ओलं असताना त्यातून पलीकडची भिंतीतली खुंटी स्पष्ट दिसली. मी समाधानानं चष्मा बाईंच्या उशाशी ठेवला. ओल्या भिंगात रेघा दिसत नाहीत, पाणी त्या भरून काढतं, हे मला नंतर कळलं.

सकाळी बाई अंगणात उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, “आज धुकं पडलं काय वं?”

वैशाखात धुकं.

“नाई बाई,” मी म्हटलं, “धूळ उडून राह्यली.”

हे माझं पहिलं खोटं. त्या क्षणी मला खात्री नव्हती, नुसता संशय होता. दुपारी बाई आडव्या झाल्यावर मी चष्मा घेऊन दाराच्या उन्हात धरला. भिंगभर बारीक रेघा, गोल गोल, माझं फडकं फिरलं तशा. त्यातून समोरचं लिंबाचं झाड म्हणजे पांढऱ्यात हिरवा डाग. मी थुंकी लावली. झाड दिसलं. थुंकी वाळली. झाड गेलं. मी चष्मा जिथला तिथं ठेवला आणि चुलीपुढे जाऊन बसले.

तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? नवरा चार शब्द बोलला असता. बाई म्हणाल्या असत्या, मायनं कंदीलच पुसायले शिकवलं काय. आणि मंगरूळचा चष्मेवाला नवीन भिंगं मागवून द्यायला होताच. महिनाभराचा खोळंबा. एवढंच.

पण मी उद्यावर टाकलं. दुसऱ्याच दिवशी एक चोळी फसली.

नवरीची चोळी होती. तिची मावशी घेऊन गेली आणि तासाभरात परत आली. उजवी बाही डावीकडे लागली होती, काठ उलटा.

“काय वं बाई,” मावशी ओट्यावरूनच म्हणाली, चार माणसं ऐकतील अशी, “पोरीचं लग्न हाये का बुजगावणं उभं करायचं हाये आमाले?”

बाईंनी चोळी हातात घेतली. डोळ्याजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. त्यांना दिसत नव्हतं काय चुकलं ते. अंगठ्यानं शिवण चाचपत गेल्या आणि काखेशी थांबल्या.

“उसवून देतो,” त्या म्हणाल्या.

“राहू द्या. तुमचे डोळे तुमाले राहू द्या. मी मंगरूळच्या शिंप्याकडे नेतो.”

संध्याकाळी माझा नवरा वावरातून आला. बाई त्याला म्हणाल्या, “भाऊजी, मोती परत आला.” शिबिरात कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की कधीकधी डोळ्यात पुन्हा पडदा येतो. त्यांनी ते धरून ठेवलं होतं.

“चाला डाक्तरकडे,” तो म्हणाला. “परवा गाडी जुंपतो.”

“नाई. दोन डाव चिरले. सात सात दिवस उताणी पडून राह्यली, मान नाई हालवू देली. आता कोठं चिरतीन? देवानं जेवढं देलं तेवढं पाह्यलं.”

मी भाकरी थापत होते. तो मला म्हणाला, “तू सांग वं वहिनीले.” मी म्हटलं, “मी काय सांगू.” आणि तव्यावर भाकरी टाकली.

आता इथं मला जे लिहायचं आहे ते याहून वाईट आहे. सुरुवातीला मी भीतीनं गप्प होते. नंतर भीती राहिली नव्हती.

मला त्या मशीनवर बसायचं होतं. आल्यापासून बसायचं होतं. बाई हात लावू देत नसत. “दोरा तोडशीन,” म्हणायच्या. मी तुकड्यांवर हातानं शिवून बघायची, त्या उसवून टाकायच्या. चष्मा गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतः मला हाक मारली आणि मशीनवर बसवलं. शेजारी बसून नुसत्या आवाजावरून सांगायच्या, आता टाका ताणला, आता कापड सरकलं, पाय हळू मार. मन लावून शिकवायच्या. मी लवकर शिकले. दिवाळीपर्यंत बाया माझ्याकडे पाहून खण टाकायला लागल्या. ओट्यावरून जाणारा माणूस मला हाक मारायला लागला. आणि बाई आत बाजेवर सरकल्या.

रोज मनात यायचं, आज सांगावं. आणि रोज वाटायचं, बाईंचे डोळे तर शाबूत आहेत, बिघडलाय तो चष्मा, तो कधीही बदलता येईल. संक्रांत होऊ द्या. ही लग्नसराई होऊ द्या. घरात सगळ्यांना वाटत होतं डोळे गेले, आता इलाज नाही. मला एकटीला वाटत होतं डोळे ठीक आहेत, घाई नाही. त्यामुळे डॉक्टरकडे कोणीच गेलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्या म्हणायला लागल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. मला वाटलं, रेघांमुळे. कपाळ दुखतं म्हणायच्या. मला वाटलं, ताणून बघतात म्हणून. मी सुंठ उगाळून लावायची. कपाळावर लेप लावताना माझा हात हलका असायचा, आणि त्या म्हणायच्या, “लय जीव लावतं वं तू मले.” मी उठून आत जायची.

त्यानंतरच्या थंडीत एक दिवस पहाटेपासून त्यांना उलट्या सुरू झाल्या. उजवा डोळा लालबुंद, दगडासारखा टणक. हातानं डोकं दाबून भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओरडत नव्हत्या. नवऱ्यानं गाडी जुंपली, मंगरूळहून मोटार धरली, अकोल्याला पोचेपर्यंत दुपार झाली.

डॉक्टर वयानं मोठे होते. त्यांनी पापण्या उघडून बराच वेळ पाहिलं, बोटांनी डोळे दाबून पाहिले, बॅटरी इकडून तिकडे फिरवली. म्हणाले, मोतीबिंदू परत येत नसतो बाई, तो काढला की गेला. हा काचबिंदू, डोळ्यात दाब वाढलाय. बरेच दिवस वाढत असणार. उजवा आता हाती लागत नाही. डाव्यात उजेड तेवढा राहील, तोही सांगता येत नाही. वर्षभर आधी आला असतात तर काही करता आलं असतं. दिव्याभोवती कडी दिसली असतील, तेव्हा का नाही आलात?

“चष्म्यातूनच दिसेना साहेब,” माझा नवरा म्हणाला, “आमाले वाटलं डोळेच गेले.”

डॉक्टरांनी चष्मा उचलला आणि खिडकीकडे धरला. एकदा पाहिलं. मग नवऱ्यापुढे धरला.

“यातून कोणाला दिसणार? तुम्हाला दिसतं का? हा कशानं घासला?”

खोलीत मी होते, नवरा होता, बाई स्टुलावर बसल्या होत्या. मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगू शकते की उघडलं होतं, पण त्यातून काय निघणार होतं हे सांगू शकत नाही. बाईंनी मान किंचित माझ्या बाजूला वळवली. दोन वर्षं रोज दोन वेळा चष्मा कोण धुवायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्या घडीला सगळं एकमेकाला जुळलं असणार, कंदिलाची राख, धुकं, बाही, मशीन. त्यांच्या चेहऱ्यावर ते जुळताना मी पाहिलं.

“म्या घासला,” त्या म्हणाल्या. “राखेनं. कंदिलाची काच घासावी तसा.”

“कोणी सांगितलं होतं राखेनं घासायला?”

“कोणी नाई. माह्या मनानं.”

माझा नवरा आयुष्यात त्यांच्यापुढे आवाज चढवून बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. “वहिनी, घरात धुवाले माणूस व्हतं ना? तुमाले काहून हात घालाव लागला? आपल्या हातानं आपले डोळे घालवले तुमी.” बोलता बोलता त्याला रडू आलं. बाई म्हणाल्या, “हाव, घालवले.” आणि उठायला हात पुढे केला. तो हात मी धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, आणि दाबलाही नाही.

मोटारीत त्या खिडकीशी बसल्या. तोंडावर ऊन येत होतं, मी पदर धरला, तर म्हणाल्या, “राहू दे. उजेड कळते अजून.”

नंतर त्या नऊ वर्षं जगल्या. डावा डोळाही पहिल्याच वर्षात विझला. मला कधी टोचून बोलल्या नाहीत. तसं बोलल्या असत्या तर मी मोकळी झाले असते, आणि ते त्यांना कळत असावं. चोळी झाली की मी त्यांच्या हातात द्यायची. त्या शिवणीवरून अंगठा फिरवायच्या आणि जिथं टाका ढिला असेल तिथं थांबायच्या. मी उसवून पुन्हा घालायची. आमचं बोलणं तेवढंच राहिलं. मी सांगायला गेले नाही असं नाही. दोन-तीनदा जवळ जाऊन बसले. त्या माझी चाहूल ओळखून म्हणायच्या, “काम नाई काय तुले?” शेवटच्या दुखण्यातही मी पायथ्याशी बसून होते. त्यांना माफ करायला लावायचं, एवढंच त्यांच्याकडून घ्यायचं राहिलं होतं. ते मागायचं धाडस मला झालं नाही.

बाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझा नवरा अजून वहिनींबद्दल बोलतो तेव्हा शेवटी तिथंच येतो. काल आमच्या सुनेला सांगत होता. आमची वहिनी लय हुशार, पण हट्टी. कोणाचं ऐकत नसे. राखेनं चष्मा घासला आणि सोताच्या हातानं आंधळी झाली. सून चुकचुकली. म्हणाली, “जुन्या बायांले समजत नसे ना, मामाजी.” मी तिथंच डाळ निवडत होते. खाली मान घालून निवडत राहिले, जशी इतकी वर्षं राहिले. पण रात्रीचं जेवण मला गेलं नाही, आणि सकाळी उठून मी हे कागद घेऊन बसले.

हे मी त्याला वाचायला देणार आहे. आज संध्याकाळी, तो ओट्यावर येऊन बसला की. काय करेल सांगता येत नाही. इतकी वर्षं त्यानं ज्या बाईला दोष दिला तिनं त्याला वाढवलं होतं, आणि जिच्यासोबत संसार केला ती ऐकत बसली होती, हे त्याला या वयात कळणार. बाईंनी ते माझ्यासाठी झाकलं का त्याच्या संसारासाठी, हेही तो विचारेल, आणि मला सांगता येणार नाही. त्यानं सुनेला पुन्हा हाक मारून नीट सांगावं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याला नाही जमलं तर मी सांगेन.